कोळवाडीच्या बारा शेळ्या

चोविसावी शेळी काट्यावर चढली, जागच्या जागी एकदा फिरली आणि तिनं लेंड्या टाकल्या. काट्यानं चौदा किलो सहाशे ग्रॅम दाखवले, लेंड्या धरून.

डॉ. वैजयंती सबनीस यांनी आकडा लिहिला आणि पेन खिशात ठेवलं. पुण्याच्या वृद्धिविज्ञान संस्थेत त्या मेंदू-उद्दीपन विभागाच्या प्रमुख होत्या, आणि आज त्यांच्या चोवीसही शेळ्यांनी त्यांना तोंडघशी पाडलं होतं. दहा महिन्यांची साधी शेळी एव्हाना एकोणीस किलोची व्हायला हवी. शेजारच्या कप्प्यात, डोक्यात काहीही न बसवलेल्या शेळ्या तेवढ्या झाल्याही होत्या. ज्यांच्या मेंदूत आठ महिने उद्दीपक चालू होता, त्या मात्र खुरटलेल्या.

कल्पना तशी सोपी होती. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याच्या खाली वाटाण्यासारखी लोंबणारी पोषग्रंथी. वाढीचं संप्रेरक ही ग्रंथी बनवते, पण ते रक्तात केव्हा सोडायचं याचा हुकूम अधश्चेतकाकडून येतो. हुकूम देणाऱ्या त्या जागी केसासारखी तार नेऊन सौम्य वीज सोडली, तर संप्रेरक जास्त सुटेल आणि प्राणी जास्त वाढेल. उंदरांमध्ये अशा प्रकारचे परिणाम फार पूर्वीच दिसले होते. शेळीत जमलं, तर पुढची पायरी माणसाची होती.

त्या पुढच्या पायरीवर कोण उभं आहे, हे विभागातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती होती सना तांबोळी, वय बारा, उंची एकशे नऊ सेंटिमीटर. संस्थेचे पशुशल्यविशारद डॉ. इरफान तांबोळी यांची ही मुलगी. सनाची पोषग्रंथी धडधाकट होती, संप्रेरकाचा साठाही भरपूर, पण तो नीट सुटत नव्हता. बाहेरून टोचलेलं संप्रेरक तिला सोसत नसे. अंगभर गांधी उठायच्या आणि दोनदा तर श्वास अडकून तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती एकदा बंद झाली की मग कुठलाही उपाय चालत नाही. डॉक्टरांनी सनाला जेमतेम वर्षभराची मुदत सांगितली होती.

सना स्वतः या विषयावर फारशी हळवी नव्हती. बसमध्ये कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं की ती त्याला सातवीचं ओळखपत्र दाखवून पुरं तिकीट मागायची आणि ते मिळेपर्यंत मागचा माणूस खोळंबला तरी हलायची नाही. मात्र दर सोमवारी, वजनाच्या दिवशी, ती बापाला फोन करून एकच प्रश्न विचारायची.

"वाढल्या का?"

त्या सोमवारीही तिनं विचारलं आणि इरफाननं नाही म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी पुनरीक्षण समिती बसायची होती. हे आकडे बघून समितीनं प्रकल्प गुंडाळला असता, तर तिला दोष देण्यात अर्थ नव्हता.

त्याच दुपारी कोळवाडीचे आकडे आले. जत तालुक्यातल्या उघड्या माळावर संस्थेचं एक छोटं क्षेत्रकेंद्र होतं आणि तिथे याच जातीच्या, याच वयाच्या बारा शेळ्या होत्या. उद्दीपक तेच, विजेचं प्रमाण तेच, तार बसवणारा हातही तोच, इरफानचा. त्यांचं सरासरी वजन आलं एकोणतीस किलो. गेल्या महिन्यातही असाच आकडा आला होता, तेव्हा वैजयंतीबाईंनी काटा बिघडला म्हणून नवा काटा पाठवला होता. नवा काटाही तेच सांगत होता. शास्त्रज्ञांचा काट्यावर एक वेळ विश्वास बसतो, चांगल्या बातमीवर मात्र लवकर बसत नाही.

"उद्या पहाटेच निघू," त्या इरफानला म्हणाल्या. "काहीतरी पाणी मुरतंय तिथे."

कोळवाडीचा गोठा नमुनेदार होता. फरशीखाली तारांची वेटोळी होती आणि त्यांच्यातून निघणारी बिनतारी वीज शेळ्यांच्या डोक्यातल्या उद्दीपकांना चालवायची. त्यामुळे शेळ्यांनी गोठा सोडायचा नाही, चारापाणी जागेवर द्यायचं, असा प्रयोगाचा पहिलाच नियम होता. केंद्राची राखणदार मायाक्का मदने ही पंचावन्नच्या घरातली धनगरीण. हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा, हातात काठी. तिच्या शेळ्या बघून इरफान दारातच थांबला. एकेकीची पाठ त्याच्या कमरेला लागत होती आणि अंगावरची कातडी तुकतुकीत होती.

पुढचा तासभर वैजयंतीबाईंनी मायाक्काला खोदून खोदून विचारलं. चारा कुठला, पाणी किती, औषध कुठलं. प्रत्येक प्रश्नाला मायाक्काचं उत्तर ठरलेलं होतं, कागदात लिवलंय तसंच. बाईंनी मग संगणकावर उद्दीपकांची नोंद उघडली. आठ महिन्यांची नोंद सलग होती, कुठे एका मिनिटाचाही खंड नव्हता. पुण्यातल्या नोंदीतसुद्धा कधी तार ढिली होऊन, कधी वीज जाऊन मिनिट-दोन मिनिटांचे खंड पडत, आणि हा तर माळ. इतकी सरळ रेघ बघून बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी पुण्याला फोन लावला.

संगणक विभागात सौमित्र बापट नावाचा एक अत्यंत नीटनेटका तरुण होता. कोळवाडीच्या कच्च्या नोंदीत खंड होते, हे त्यानं लगेच मान्य केलं, तेही थोड्या अभिमानानं. त्या माळावर रेंज नसते, त्यामुळे मधली माहिती येत नाही, म्हणून त्यानं ते खंड सरासरीनं भरून काढणारी आज्ञावली पहिल्याच महिन्यात लिहून टाकली होती. बाईंनी विचारलं, खंड किती. रोज तीन, तो म्हणाला. बाईंनी विचारलं, वेळा कोणत्या. त्यानं बघून सांगितल्या. साडेसात ते नऊ, साडेअकरा ते साडेबारा, साडेचार ते सहा.

"रोज त्याच वेळेला?"

"हो मॅडम. जवळपास रोज."

"सौमित्र, रेंज जायची वेळ ठरलेली असते का?"

उत्तराची वाट न बघता वैजयंतीबाईंनी फोन ठेवला आणि मायाक्काकडे बघितलं. मायाक्का पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"बाई, आता खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "मी सोडते त्यास्नी. तीन टायमाला माळावर फिरवून आणते. बांधलेलं जनावर खातंय, पर त्येच्या अंगाला लागत न्हाई. आमच्या सात पिढ्यांनी अशीच राखल्यात. तुमच्या कागदात सोडू नगा म्हनून लिवलंय, ठावं हाय मला. पर शेळीला कागद वाचाय येत न्हाई."

आणि नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही, हे तिनं न विचारताच जोडलं.

इरफानला हसू आलं आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. म्हणजे विजेनं काहीच केलं नव्हतं. मोकळी हवा, हिरवा पाला आणि पायांना व्यायाम, एवढंच सगळं रहस्य. सनाच्या डोक्यात माळ नेऊन ठेवता येणार नव्हता. तो तसं बोललाही, पण वैजयंतीबाईंचं लक्ष नव्हतं. त्या पेटीतून रक्तवाचक काढत होत्या. ही नखाएवढी चकती कानाच्या शिरेवर चिकटवली की रक्तातल्या संप्रेरकाचा आकडा मिनिटामिनिटाला पडद्यावर येतो.

"गवत असेल तर गवत," त्या म्हणाल्या. "पण आधी रक्त काय म्हणतंय ते बघू."

सात नंबरच्या शेळीच्या कानाला चकती लावली. मायाक्का तिला बाणी म्हणायची. बाणी गोठ्यात उभी होती, उद्दीपक चालू होता, आणि पडद्यावर आकडा होता शून्य पूर्णांक दोन. इरफानला वाटलं चकती नीट चिकटली नाही. त्यानं दुसरी लावली. तोच आकडा. जे यंत्र संप्रेरक वाढवण्यासाठी बसवलं होतं, ते चालू असताना संप्रेरक जवळजवळ नाहीसं झालं होतं.

साडेअकराला मायाक्कानं फाटक उघडलं आणि बाणी इतर अकरा जणींसह माळावर पळाली. तिच्या मागे संगणक छातीशी धरून संस्थेचे दोन शास्त्रज्ञ पळाले. पहिली दहा मिनिटं आकडा हलला नाही. अठराव्या मिनिटाला तो एक झाला. बाविसाव्या मिनिटाला सहा, चोविसाव्याला अकरा. तिसाव्या मिनिटाला पडद्यावर सोळाचा आकडा होता आणि इरफान बाभळीच्या बुंध्याला टेकून, काटे टोचत असतानाही, तसाच उभा होता. बाणीनं या सगळ्या वेळात एक बोरीचं झुडूप अर्धं संपवलं.

"ऐंशी पट," वैजयंतीबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "इरफान, तू तार कुठे बसवलीस?"

इरफाननं डोळे मिटले. तो शेळीचा मेंदू डोळ्यांपुढे आणत होता. मग तो खालीच बसला.

"मॅडम, मेंदूचा नकाशा बाहेरच्या जातीवरून काढलेला होता. ती शेळी मोठी, तोंडानं लांब. मी सगळी मापं प्रमाणात लहान केली आणि वापरली. पण आपली शेळी नुसती लहान नाही. तिचं कपाळ वेगळं आहे, आखूड आणि पुढे आलेलं. दोन मिलिमीटर चुकलो असणार मी. छत्तीसच्या छत्तीस शेळ्यांत."

"आणि दोन मिलिमीटरवर काय आहे?"

"ब्रेक," इरफान म्हणाला.

मायाक्काला काही कळेना, म्हणून बाईंनी तिला तिथेच समजावलं, आणि खरं तर स्वतःलाही. अधश्चेतकात वाढीच्या हुकमाच्या दोन जागा असतात. एक म्हणते सोड, दुसरी म्हणते थांब. निरोगी शरीरात दोघी आळीपाळीनं बोलतात, म्हणून संप्रेरक सतत वाहत नाही, मधूनमधून झोतानं येतं. इरफाननं तार बसवली ती चुकून थांब म्हणणाऱ्या जागी. गोठ्यात असेपर्यंत विजेनं ब्रेक दाबून धरलेला. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की आत पाणी तुंबतं, तसा पोषग्रंथीत साठा तुंबत जातो. शेळी फाटकाबाहेर पडली की वीज तुटते, अंगठा उचलला जातो, आणि तुंबलेलं सगळं एकदम बाहेर येतं. पुण्यातल्या शेळ्यांचा अंगठा आठ महिने कोणी उचललाच नव्हता.

"आनि नुसतं वाहत ऱ्हायलं तर?" मायाक्कानं विचारलं.

प्रश्न फार चांगला होता. नुसतं झिरपत राहिलं तर शरीर त्याच्याकडे लक्ष देत नाही. हाडांना मधला कोरडा काळ लागतो, मगच ती झोताला दाद देतात. हे बाई बोलल्या आणि बोलता बोलता थांबल्या. इरफान उठून उभा राहिला होता.

"सनाचं झिरपतं," तो म्हणाला. "तिच्या रक्ताचे सगळे कागद मला पाठ आहेत. रात्र असो, दिवस असो, उपाशी असो, जेवलेली असो, अगदी थोडं थोडं सतत झिरपतं, झोत कधीच नाही. आपण तिच्या ॲक्सिलरेटरवर, म्हणजे सोड म्हणणाऱ्या जागी, तार बसवणार होतो, मॅडम. ती वाढली नसती. नुसतं जास्त झिरपलं असतं, आणि तिचं हे शेवटचं वर्ष आपण त्यात घालवलं असतं."

माळावर उन्हाचा नुसता जाळ होता, पण दोघांपैकी कोणालाही सावलीत जावंसं वाटेना. इरफान एकदा हसत होता, एकदा चष्मा पुसत होता. मायाक्कानं दोघांना ताक दिलं आणि आपली नोकरी राहिली की गेली ते आधी सांगा म्हणाली. राहिली, असं बाईंनी तिला शपथेवर सांगितलं.

परतीच्या वाटेवर मात्र दोघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट सुचली होती. समितीपुढे खरं सांगायचं तर इरफानला छत्तीस शस्त्रक्रियांतली चूक कबूल करावी लागणार होती, आणि चुकीच्या जागी तार बसलेला प्रयोग समिती रद्दच करते. खोटं सांगायचं, म्हणजे तार ठरल्या जागीच होती आणि कोळवाडीच्या शेळ्या वाढल्या असं दाखवायचं, तर मानवी चाचणीची परवानगी बहुधा मिळाली असती. पण मग परवानगीच्या कागदावर जागा लिहिली गेली असती ती ॲक्सिलरेटरची. सनाच्या मेंदूत तार तिथेच गेली असती.

साताऱ्याच्या पुढे सनाचा फोन आला. सोमवार नव्हता, तरी तिनं विचारलं.

"वाढल्या," इरफान म्हणाला.

"मग तुम्ही असं पडेल आवाजात का बोलताय, अब्बा?"

इरफाननं तिला सगळं सांगितलं, चुकीसकट. सनानं विचारलं, की चूक सांगितली नाही तर तार चुकीच्या जागी जाणार, आणि सांगितली तर कदाचित जाणारच नाही, असंच ना. इरफान हो म्हणाला. मग सांगून टाका, ती म्हणाली, आणि उद्या भूगोलाची चाचणी आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

समितीचे अध्यक्ष डॉ. कमलाकर निंबाळकर अतिशय सौम्य बोलणारे आणि अतिशय चिकट गृहस्थ होते. त्यांनी इरफानची कबुली शेवटपर्यंत ऐकून घेतली, मध्ये एकदाही टोकलं नाही. बाणीच्या रक्ताचा आलेखही बघितला. मग त्यांनी चष्मा काढला. शेळ्या माळावर चरायला जात होत्या, ते म्हणाले. ताजा पाला खात होत्या, पळत होत्या. त्यानं जनावर वाढतं हे आमच्या घरच्या गड्यालाही ठाऊक आहे. पळण्यानं रक्तातलं संप्रेरकही वर जातं. मग यात तुमच्या ब्रेकचा हात किती आणि बोरीच्या पाल्याचा किती, हे तुम्ही कसं सांगणार?

वैजयंतीबाईंनी तसं सांगता येणार नाही हे कबूल केलं. आक्षेप रास्त होता आणि त्या रास्त आक्षेपापुढे खोटा आव आणणाऱ्यांतल्या नव्हत्या.

निर्णय दहा मिनिटांत आला आणि अध्यक्षांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. शस्त्रक्रियेत चूक, नियमांचं उल्लंघन, नोंदींत फेरफार, म्हणून प्रयोग रद्द. मानवी चाचणीचा प्रस्ताव निकाली. पुण्यातल्या चोवीस शेळ्यांचे उद्दीपक आजच, समितीच्या पशुवैद्यांच्या हातून, बंद करायचे. पुढचे तीस दिवस शेळ्या त्याच गोठ्यात, त्याच चाऱ्यावर राहतील. पुन्हा नियम मोडले जाऊ नयेत म्हणून त्यांना गोठ्याबाहेर सोडायचं नाही. रक्त आणि वजन समितीची माणसं तपासतील. शेळ्या धडधाकट आहेत असं ठरलं की फाइल कायमची बंद.

इरफान खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली तेव्हा वैजयंतीबाई सही करून पेनाचं टोपण लावत होत्या. त्यांनी कागद वाचलाही नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यानं त्यांना गाठलं. आयुष्यात तो त्यांच्यावर कधी चिडला नव्हता, त्या दिवशी चिडला. एक शब्दही न बोलता तुम्ही सही केलीत, तो म्हणाला, माझ्या मुलीचा विचार केला नाहीत. वैजयंतीबाईंचे डोळे लकाकत होते.

"इरफान, डोकं शांत ठेव आणि आदेश पुन्हा वाच. त्याच गोठ्यात. त्याच चाऱ्यावर. गोठ्याबाहेर सोडायचं नाही. फक्त वीज बंद."

त्यांनी पुढे केलेला कागद तो वाचू लागला.

"बोरीचा पाला नाही," बाई म्हणाल्या. "माळ नाही, पळणं नाही. आठ महिने दाबून ठेवलेला अंगठा आज चोवीस ठिकाणी एकदम उचलला जाणार आहे. तोही त्यांच्या हातानं, आणि रक्तही तेच तपासणार. असा प्रयोग मी मागितला असता तर परवानगीलाच सहा महिने गेले असते."

इरफाननं कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला आणि पुन्हा वाचला.

पशुवैद्यांनी चारला पाच कमी असताना मुख्य कळ बंद केली. पंचवीस मिनिटांनी त्यांनी पहिल्या शेळीचा आकडा वाचला आणि रक्तवाचक बदलून मागितला. दुसऱ्या शेळीनंतर त्यांनी तिसरा मागितला. पाचव्या शेळीनंतर त्यांनी मागणं सोडून दिलं आणि खुर्ची ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत चोवीसही शेळ्यांच्या रक्तात झोत आले होते. कोळवाडीच्या शेळ्यांना सोळाचा झोत यायचा, इथे तीसच्या खाली एकही नव्हता. जितका जास्त काळ दाबलं, तितकं जास्त उसळलं. शिवाय एका झोतानं भागलं नाही. नऊ दिवस ते लाटांसारखे येत राहिले.

बाराव्या दिवशी शेळ्यांचे गळपट्टे सैल करावे लागले. विसाव्या दिवशी गव्हाणी वर उचलाव्या लागल्या. तिसाव्या दिवशी, त्याच फरशीवर, त्याच वाळल्या चाऱ्यावर, सरासरी वजन भरलं बावीस किलो चारशे. साध्या शेळ्यांना त्यांनी मागे टाकलं होतं. त्या दिवशी डॉ. निंबाळकरांचा फोन आला.

"सबनीसबाई, तुम्ही यंत्रं पुन्हा चालू केलीत का?"

"नाही सर. तुम्ही बंद केलीत, ती बंदच आहेत."

"मग या शेळ्या कशानं वाढतायत?"

"तुमच्या आदेशानं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

निंबाळकर सौम्य होते, चिकट होते, पण हट्टी नव्हते. फाइल पुन्हा उघडली गेली आणि या वेळी परवानगीच्या कागदावर जागेचं नाव बदललेलं होतं.

सनाच्या मेंदूत तार बसवली ती माणसांच्या मेंदूच्या शल्यविशारदांनी, माणसाच्याच नकाशावरून आणि तिच्या स्वतःच्या चित्रणावरून तीनदा पडताळून. इरफान त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून होता. चौदा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, पहिलं उद्दीपन करायचं ठरलं. खोलीत सना, इरफान आणि वैजयंतीबाई एवढीच माणसं होती.

माणसासाठी सुरक्षेचा नियम कडक होता. बटण पालकाच्या हातात द्यायचं आणि अंगठा त्याच्यावर असेपर्यंतच वीज वाहायची. अंगठा उचलला की बंद. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं दाबून धरायचं होतं.

इरफाननं बटण दाबलं. पडद्यावर सनाचा नेहमीचा आकडा होता, अर्धा. कित्येक वर्षं तो त्याच्या डोक्यात घर करून बसलेला होता. आता तो उतरू लागला. पाव झाला, मग दशांश एक. विसाव्या मिनिटाला तिथे शून्य आलं. एवढं तुटपुंजं जे काही होतं, तेही गेलं, आणि ते त्याच्याच अंगठ्याखाली गेलं. असंच व्हायला हवं होतं हे त्याला तोंडपाठ होतं. तरी मुलगी वाढावी म्हणून आपण तिच्या मेंदूला वाढू नकोस सांगत बसलोय, हा विचार काही केल्या जाईना.

सना उशीला टेकून पडद्याकडे बघत होती. दुखतंय का, असं बाईंनी तीनदा विचारलं. नाही म्हणून तिनं तीनदा सांगितलं.

चाळीस मिनिटं झाली. वैजयंतीबाईंनी मान हलवली. इरफानचा अंगठा उठला नाही.

"अजून पाच मिनिटं," तो म्हणाला.

"इरफान, चाळीस ठरली आहेत."

"जास्त दाबलं तर जास्त उसळतं ना. पाचच मिनिटं."

पण ते कारण नव्हतं, आणि हे तिघांनाही कळत होतं. अंगठा खाली असेपर्यंत अजून काही ठरलेलं नव्हतं. तो उचलल्यावर काहीच झालं नाही, तर पुढे करण्यासारखं जगात काही उरत नव्हतं. कूर्चेची मुदत पाच महिन्यांवर आली होती. इरफान भ्याला होता. छत्तीस शेळ्यांच्या कवट्या उघडताना तो कधी भ्याला नव्हता, आणि आता बटण आणखी घट्ट दाबत होता.

पंचेचाळीस मिनिटं झाली. सत्तेचाळीस.

सना उशीवरून पुढे सरकली. तिनं आपल्या लहानशा हातानं बापाचा अंगठा धरला आणि बटणावरून उचलला. अंगठा ताठरला होता, तो उचलायला तिला दोन्ही हात लागले.

"सोडा आता, अब्बा," ती म्हणाली.

दहा मिनिटं शून्य राहिलं. पंधरा मिनिटं शून्य राहिलं. इरफान भिंतीकडे तोंड करून उभा होता, म्हणून आकडे सना वाचत होती, वर्गात हजेरी घेतात तशी, मोठ्यानं.

"शून्य. शून्य. दशांश तीन." मग ती थोडी थांबली. "एक. अडीच. सहा."

वैजयंतीबाई खुर्चीतून उठल्या.

"अकरा. एकोणीस. सव्वीस." आलेखाची रेघ चौकटीच्या वरच्या कडेला टेकली आणि बाईंना घाईघाईनं पट्टी दुप्पट करावी लागली. इरफान वळला. त्याला पडदा दिसत नव्हता, डोळे भरले होते.

"एकेचाळीस," सनानं वाचलं. "अजून चढतंय, अब्बा. तुम्ही बघा तरी."